ढग आले आणि हार्वेस्टरचा भाव वाढला

शेती असणाऱ्यांनो, आज माझं डोकं फिरलंय.

उमरेडजवळच्या आमच्या शेतात धान कापायला हार्वेस्टर आला. एकराचा भाव फोनवरच ठरला होता. पण आभाळ भरून आलं तसा मशीनवाला खाली उतरून म्हणाला, "आता दीडपट लागन. पटत नसन तं मी चाललो."

अडलेल्याला असं नाडायचं?

संतापून मी गावातल्या शीलाबाईंना फोन लावला. आधी त्यांचीच बायांची टोळी आमचा धान कापायची.

त्या म्हणाल्या, "भाऊ, मागच्या साली आम्ही वीस रुपये वाढवून मांगतले, तं तुम्हीच म्हणाले मशीन परवडते. आता आम्ही मिरचीच्या तोड्यावर आहो."

दीडपट पैसे मोजले. राग अजून उतरलेला नाही. फक्त तो कोणावर काढू, तुम्हीच सांगा.