शनवाऱ्यातला हॉर्न

परवा पंपावर डिझेलचा वास आला आणि वडिलांची पिकअप आठवली. मध्य प्रदेश तेव्हा नवाच झाला होता. तिच्या पेट्रोल इंजिनाची घरघर लांबून ऐकू आली, की आई चुलीवर तवा ठेवायची. मग वडिलांनी गिअरबॉक्ससकट नवं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या संध्याकाळी ते धूलकोटहून दारात येऊन थांबले, तरी आई आपली कान लावून बसलेली.

“कोणाची गाडी आली गं?” तिनं मला विचारलं.

“आपलीच,” वडील आत येत म्हणाले. “तवा नाही ठेवला?”

“आवाजच नाही ओळखला ना मी!”

दुसऱ्या दिवसापासून ते घराअलीकडच्या शनवारा वस्तीतूनच हॉर्न वाजवत यायचे. मला वाटायचं, नवं इंजिन मिरवताहेत. आज कळतं, अख्ख्या शनवाऱ्याला ऐकवून ते एकट्या आईला सांगत होते, तवा ठेव.