जहाजातलं बोरन्हाण

भुताखेतांचे अनुभव मी निव्वळ करमणूक म्हणून वाचते. कुणी मनापासून सांगायला लागलं की मला हसू आवरत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... पण लिहिते.

नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी, बदली होऊन आम्ही चंदिगडला आलो त्याला तीन वर्षं झाली. माझं ऑफिस मोहालीत. लेक रेवा येत्या मार्चमध्ये पाच पूर्ण करेल. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. मला मम्मा म्हणते — इथल्या बाकीच्या मुलांसारखं.

आमच्या सेक्टरच्या पार्कात जहाजाच्या थीमचं प्लेग्राउंड आहे. समुद्र कुठे, चंदिगड कुठे! पण मुलं खूश. जहाजाच्या पोटात एक बुटकी केबिन — शिडीने आत शिरायचं, घसरगुंडीने बाहेर पडायचं. तिसरी वाट नाही.

यंदा रेवाचं शेवटचं बोरन्हाण. पाचनंतर आमच्यात करत नाहीत. ताईने पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते आणि मी मात्र "पुढच्या रविवारी नक्की" म्हणत बसले होते. बोलवायला ओळखीच्या बायका नाहीत, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज... कारणं काय, पैशाला पासरी.

त्या दिवशी दुपारी साडेचारला धुकं हटून छान ऊन पडलं होतं. रेवा शिडी चढून आत गेली. मी समोरच्या बाकावर, ऑफिसच्या कॉलवर — पण नजर शिडीवर, देवाशपथ! आतून तिचं खिदळणं ऐकू येत होतं. जेमतेम दोन मिनिटं.

घसरगुंडीवरून ती खाली आली तेव्हा केसांत चुरमुरे. जॅकेटच्या टोपीत बोरं, हरभरे, उसाचे करवे. कपाळावर कुंकू, त्यावर चिकटलेल्या अक्षता.

"किसने किया?"

"आईने."

"अगं, आई म्हणजे मीच ना?"

"नहीं, आप तो मम्मा हो."

खरं तर घाबरायला हवं होतं. मला आला तो संताप. मी रांगत आत शिरले — कुणी नाही, खाली एक चुरमुरासुद्धा नाही. गेटवरचा गार्ड म्हणाला, "मैडम जी, अंदर सिर्फ आपकी गुड़िया गई थी. मैं तो यहीं खड़ा था."

"लोहडीचं उरलेलं कुणीतरी दिलं असेल गं," नवरा म्हणाला. दिलं असेल! मग टोपीच्या तळाशी काटेरी हलवा कुठून आला? इथे तो मिळत नाही. ताईचं पार्सल कपाटात होतं, टेपसुद्धा निघालेली नव्हती.

रविवारी मी हट्टाने बोरन्हाण केलंच. काळा फ्रॉक, दागिने, औक्षण, सगळं. पहिली ओंजळ डोक्यावर पडली आणि रेवा पाटावरून उठली. "मम्मा, ये तो हो गया ना." हसली नाही, रडली नाही, कार्टून बघायला गेली. मी एकटीच बोरं वेचत बसले.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. ती कोण होती, कुठून आली, कशी गेली — मला काही सांगता येत नाही. भीती वाटत नाही, नुसता जळफळाट होतो. माझ्या लेकीचं शेवटचं बोरन्हाण तिने केलं. रेवा आता झोपाळ्यावर रमते. त्या केबिनमध्ये मान वाकवून रोज मीच बसते... भेटली तर पाया पडेन की भांडेन, माहीत नाही. बहुतेक भांडेनच.