फलक मात्र मापात होता

पूर ओसरल्यावर आम्ही शहरातून मदतीचा ट्रक घेऊन नदीकाठच्या एका गावी गेलो. सगळं गाव शाळेत आसऱ्याला होतं. ट्रकवरचा कापडी फलक अगदी मापात बसला होता, कारण आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी आदल्या दिवशी ट्रक मोजून घेतला होता.

वर्गात कपड्यांचे ढीग ओतले. कोपऱ्यात एक आजी गोधडी लपेटून बसल्या होत्या. त्यांचं उरलेलं एकच लुगडं बाकावर वाळत होतं आणि तिकडे माळावर बांधलेली त्यांची म्हैस सकाळपासून तहानलेली होती. त्यांनी ढिगातल्या साड्या हाताने मापून बघितल्या. सगळ्या पाचवारी होत्या.

"आजी, एकही आवडली नाही का?" अध्यक्षांनी विचारलं.

"चांगल्या हायत की. पर कासोटा कशाचा घालू? तुमच्या घरात कुणी म्हाताऱ्या न्हाईत काय, दादा?"

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आपत्तीवर आम्ही परिसंवाद घेतो. धरणांची पातळी, पावसाचे नकाशे, सगळं आम्हाला तोंडपाठ असतं. माझी आई जन्मभर नऊवारी नेसली.

आजींनी सुईदोरा मागून घेतला, एक निळी आणि एक पिवळी साडी जोडली, ती नेसून बादली उचलली आणि निघाल्या.

"आजी, एक फोटो," अध्यक्ष म्हणाले.

"म्हशीला पाणी दावून येते," म्हणाल्या, पण थांबल्या नाहीत.

ट्रकवरून सोडून आणलेला फलक पुढे धरून फोटो त्यांच्याशिवायच निघाला. मी फलकाच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथून आमचं नाव उलटं दिसत होतं.