उजेडातली खुर्ची

यासीन गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आरशासमोर उभा राहून मिशीला कात्री लावत होतो. फोन सोनईहून होता, त्याच्या मुलाचा, अल्ताफचा. वर्कशॉपच्या दारात माल भरायला आलेला टेम्पो मागे येत होता, यासीन पाठमोरा उभा होता, आणि... पुढचं अल्ताफला बोलवेना. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "ड्रायव्हरनं हॉर्न नाही का दिला?" अल्ताफ म्हणाला, "दिला की काका. लई दिला." आणि मला राग आला. ड्रायव्हरचा नव्हे, यासीनचा. दफनाला जमलेल्या चार लोकांतही मी बोलून गेलो, "लक्ष कुठं असायचं याचं, कुणास ठाऊक!" ते वाक्य मला अजून परत घेता आलेलं नाही.

आम्ही सोनईच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी वर्गात गप्प बसत नसे म्हणून यासीनने माझं नाव 'प्रोफेसर' ठेवलं. प्रोफेसरची खरी नोकरी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागली. तो शाळा अर्धवट सोडून वडिलांच्या ऐरणीपाशी उभा राहिला, मी शेवगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागलो आणि राहुरीला घर केलं. शनिवारी सोनईला जाऊन यासीनपुढे तासभर बोलायचं, हा माझा नेम मात्र निवृत्तीनंतरही सुटला नाही. घरात माझं ऐकून घेणारं कोणी उरलं नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

माझा आवडता विषय म्हणजे जिल्ह्याची वाढ. कारखान्यांतला माल आणि बांधकामं वर्षानुवर्षं कशी वाढत गेली, दुष्काळात आणि मंदीत कुठे अडखळली, पुन्हा कशी उभी राहिली, हे मी वर्गात फळ्यावर रेघा ओढून सांगायचो आणि त्याचा पुरावा बघायला यासीनकडे जायचो. त्याच्या वडिलांच्या हातून नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा व्हायच्या. यासीनने उसाच्या टायरगाड्या केल्या, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. गावोगाव स्लॅबची घरं उठू लागली तशा सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आल्या, शेवटी शेवटी नगरकडच्या कारखान्यांच्या शेडचे सांगाडे. वापरून वाकड्या झालेल्या प्लेटा परत त्याच्याकडेच यायच्या, आणि त्या सरळ करायला दिवसभर ठोकाठोक चालायची. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज असा घुमायचा, की रस्त्यावरून जाणाराही कानावर हात ठेवायचा. मला तो आवडायचा. एका लेखात मी लिहिलं होतं, की घणाचा आवाज ही प्रगतीची सगळ्यात खरी खूण आहे. तो लेख मी यासीनला तिथेच बसून वाचून दाखवला. कागद तोंडासमोर धरला होता मी... वाचून झाल्यावर कागद खाली केला, तेव्हा तो हसला. जरा उशिरा हसला. मला वाटलं, विचार करून हसला असेल.

मी पोचलो की तो काम थांबवायचा, हात पुसायचा, आणि कोपऱ्यातली निळी लोखंडी खुर्ची उचलून दारातल्या उजेडात ठेवायचा. "हितं बस प्रोफेसर, उजेडात." स्वतः समोर सावलीत पिंपावर बसायचा. चैत्र-वैशाखात ऊन थेट तोंडावर यायचं. "अरे, भाजतोय मी," म्हटलं तरी खुर्ची इंचभर हलू द्यायचा नाही. मग माझं सुरू व्हायचं. "एका वर्षाच्या मंदीला घाबरू नकोस यासीन, वीस वर्षांचं बघ." तो जरा थांबून म्हणायचा, "व्हय." माझ्या प्रत्येक सिद्धांताला त्याचं 'व्हय' ठरलेलं, आणि मी ते संमती म्हणून खिशात घालून घरी यायचो. इतकं मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला सगळ्या नोकरीत भेटला नव्हता. फोन मात्र तो कधी घ्यायचा नाही. त्याच्या पत्नी, माझ्या भाभी, उचलायच्या आणि "कामात हायेत" म्हणायच्या. निवृत्तीनंतर मी चांगली झुपकेदार मिशी वाढवली, तेव्हा तो हात धुऊन तिच्या मागे लागला. "काढ ती मिशी. म्हातारा दिसतोस." शेवटच्या शनिवारीही तेच. "तुला काय करायचंय माझ्या मिशीशी?" म्हणून मी ती आणखी पिळून दाखवली. त्या दिवशी तो फारच कमी बोलला.

त्याला जाऊन काही आठवडे झाल्यावर मी एकटाच भाभींना भेटायला गेलो. चहा घेता घेता माझी जीभ पुन्हा घसरली. म्हणालो, "भाभी, जरा मागं बघितलं असतं त्यानं..."

भाभींनी हातातली बशी खाली ठेवली. "भाऊ, त्यांना ऐकूच येत न्हवतं. बरीच वर्सं झाली. आदी डावा कान गेला, मंग उजवा. मानसाच्या तोंडाकडं बघून वळखायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगायचं न्हाई म्हनून बजावलं हुतं मला. म्हनायचे, प्रोफेसरला कळलं तर तो बोलायचा थांबंल. मंग शनिवारी येऊन करंल काय त्यो?"

मी अपराधी आहे, हे सरळच लिहितो. जिल्ह्याची वाढ मोजताना मी ट्रॉल्या धरल्या, प्लेटा धरल्या, शेडही धरल्या. समोर बसलेल्या माणसाचे कान जात होते, ते कुठल्याच रकान्यात धरले नाहीत. ज्या आवाजाचं मी कौतुक लिहिलं, त्यानेच ते कान नेले, आणि ते कौतुक मी त्यालाच वाचून दाखवलं. एखाद्या शनिवारी मी गप्प बसून त्याच्याकडे नुसतं पाहिलं असतं, तरी कळलं असतं. पण मला बोलायचं होतं. त्याने माझ्यासाठी उजेड शोधला, आणि मी त्याच्या दफनाला त्यालाच बेफिकीर ठरवून आलो.

मागच्या शनिवारी मी मिशी काढली आणि सोनईला गेलो. अल्ताफ प्लेटा ठोकत होता, कान उघडेच. मी दारातून हाक मारली, पुन्हा मारली. माझी सावली प्लेटेवर पडली तेव्हा त्याने वर पाहिलं. घण खाली ठेवला, हात पुसले, निळी खुर्ची उचलून दारात ठेवली. "काका, हितं उजेडात बसा," म्हणाला. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता.

मी बसलो. एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "सोमवारी माझ्याबरोबर नगरला चल. कान दाखवू."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "व्हय."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि त्याला विचारलं, "मी काय म्हणालो, सांग बघू?"