मायसाठी शिकलेला चहा

शहराबाहेर हुडकेश्वरला मी घर बांधलं तेव्हा तिथे रस्त्यावर दिवेही आले नव्हते. घरातली सगळी दारं जुन्या सागवानाची. पाडलेल्या इमारतींचं लाकूड घ्यायचं आणि विकायचं हा माझा धंदा, त्यामुळे प्रत्येक चौकट मी स्वतः ठोकून, वास घेऊन निवडली होती. एक खोली मायसाठी होती. ती कायम मोठ्या भावाकडे राहिली, शहरात, त्याच्या दोन खोल्यांत. आता तिने माझ्याकडे यावं आणि परत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

का हवं होतं तेही सांगतो. वडिलांचा हातमागाचा धंदा बसायला लागला तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाचीच शाळा चालणार होती. भावाची चालली. वडिलांनी मला पाचवीतून काढून मागाच्या कांड्यांवर सूत भरायला बसवलं. भाऊ पुढे सरकारी कचेरीत लागला. मी हमाली केली, लाकडाच्या वखारीत झोपलो आणि त्याच्याहून दुप्पट घर बांधलं. ते मायने रोज बघावं असं मला वाटत होतं.

ती आली. पाचव्या दिवशी पिशवी भरून ओट्यावर बसली.

"काहून?" मी विचारलं.

"चहा उतरत नाही गा इथला गळ्याखाली. तुझ्या दादाकडे बरा राहते."

"चहासाठी घर सोडून राहिली तू?"

"म्हातारीले दुसरं काय पाहिजे बाबू? दोन वेळचा चहा."

ती गेली. मी बायकोवर ओरडलो. तिने डबा आणून माझ्यासमोर आपटला. "तुम्ही आणता तीच भुकटी टाकते मी. कधी वास घेऊन पाहिला का हिचा?"

पाहिला. वास गोणपाटाचा होता. फळी कुठल्या वर्षी भिजली ते मी वासावरून सांगतो, आणि रोज सहा-सात कप प्यायचो त्या वस्तूचा वास मला ठाऊक नव्हता. चहा म्हणजे दोन सौद्यांच्या मध्ये बशीतून ओढून टाकायचं काहीतरी गोड, गरम. आमच्या घरी तो तसाच होता. मागाशेजारी पातेलं दिवसभर चुलीवर असायचं, चोथा न फेकता त्यातच पाणी वाढवत जायचं. लग्नानंतर मी बायकोलाही हाच नियम घालून दिला होता. चोथा एकदा उकळून फेकला की माझं डोकं फिरायचं.

शहरात सदरला ज्या दुकानातून चहा आणायचो तिथे तडक गेलो. "दहा वर्षं कचरा विकला मला!" गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मालक म्हातारा होता, हिंदी-मराठी मिसळून बोलायचा. त्याने आवाज चढवला नाही.

"कचरा नाही सेठ, चुरा. तुम्ही आले की पहिले भाव तोडता. मी भाव तोडून देतो आन् हात खालच्या पेटीत घालतो. तुम्ही भी खुश, मी भी खुश."

"मग तोंडानं सांगायचं नाही?"

"तुम्ही सांगता का तुमच्या गिऱ्हाइकाले, कोणत्या दाराले आतून वाळवी आहे ते?"

मी वरच्या पेटीतला चहा मागितला. त्याने भाव सांगितला. मी तोंड उघडलं, मिटलं आणि तेवढेच पैसे दिले. त्याला बहुतेक दया आली असावी. पुडी बांधता बांधता म्हणाला, "उकळू नका हा. पाणी उकळा, खाली उतरवा, मग पत्ती टाका आन् झाका. दूध वेगळं गरम करा. आन् घाई करू नका, सेठ. तुमची घाई मी पाहिली आहे."

पहिला चहा फिका झाला. दुसरा कडू. तिसऱ्यावर तेलासारखा तवंग आला, तेव्हा बायको म्हणाली, "यात कंदील पेटन आता." मग लक्षात आलं की दोष आमच्या हातपंपाच्या जड पाण्याचा आहे. दुकानाजवळच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून सायकलला लटकवून आणायला लागलो. शेजारी विचारायचे, घरी पाणी नाही का? मी त्यांच्याशी भांडायचो.

पंधराएक दिवस गेले. एका सकाळी पातेल्यावरचं ताट उचललं आणि वास आला. तो कशासारखा ते सांगता येत नाही. ओल्या पानासारखा, थोडा उन्हात तापलेल्या गवतासारखा. कपात ओतला, बशी बाजूला ठेवली आणि ओट्यावर बसून हळूहळू प्यायलो. माझ्या वखारीत माणसं वाट बघत असतील हे माहीत होतं, तरी बसलो. आपल्याला चहा आवडतो हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. चोथा मी स्वतःच्या हाताने तुळशीत टाकला. बायको दारातून बघत होती.

मग मायला आणायला गेलो.

रोज दोन्ही वेळचा चहा मीच करायचो. कप तिच्या हातात द्यायचो आणि समोर बसायचो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बेस झाला." दुसऱ्या दिवशी दोन कप प्यायली. मी तिला सांगत बसायचो, हे सागवान कुठून आणलं, वखारीत थंडीत कसा झोपायचो, तेव्हा दादा कॉलेजात होता. ती कपात बघत ऐकायची.

आठव्या दिवशी पुन्हा पिशवी भरलेली दिसली.

"आता काय झालं?" माझा आवाज चढला. "चहा नाही आवडला?"

"चहा चांगला आहे. दादाकडे असा जन्मात मिळाला नाही."

"मग?"

"घोट घेतला की तू माह्या तोंडाकडे पाहते. गिऱ्हाइकाकडे पाहावं तसा."

मी भडकलो. तीस वर्षं पोटात होतं ते सगळं बाहेर काढलं. शाळा, कांड्या, वडिलांनी केलेला अन्याय. कप माझ्या हाताने पडून फुटला. तिने तुकडे पायाने बाजूला सारले. मग म्हणाली, "तुह्या वडिलांनी नाही काढलं तुले. ते तर दोघांले शिकवू म्हणत होते, कर्ज काढून. मीच म्हटलं, लहान्याले काढा."

"काहून?"

"दादाले शाळेबिगर काही जमलं नसतं. तुले कुठंही टाकलं तरी तू पोट भरशील, हे मले दिसत होतं. भरलं ना?" तिने पदराने तोंड पुसलं. "इथं राहिली तर रोज दोन वेळा तुहं ते वखारीचं ऐकावं लागते मले. नाही होत आता."

चुकलं, असं ती म्हणाली नाही. मी बराच वेळ वाट पाहिली. मग तिची पिशवी उचलली.

भावाच्या घरी वहिनीने चहा टाकला. पातेल्यात सगळं एकत्र, खळखळ उकळलेलं, काळपट आणि साखरेने चिकट. माझ्या जुन्या चुऱ्याहून वाईट. मायने तो बशीत ओतला आणि वहिनीशी कुणाच्या तरी बाळंतपणाबद्दल बोलत बोलत पिऊन टाकला. कशी चव आहे याकडे तिचं लक्षच नव्हतं. मी माझा कप तळापर्यंत संपवला.

निघताना मायला म्हटलं, "दिवाळीला न्यायला येऊ का?"

"तूच येत जा गा इकडं," ती म्हणाली. "बसत जा घडीभर. फक्त बसत जा."

मी हो म्हटलं नाही. बाहेर येऊन रिक्षावाल्याशी भाड्यावरून असा भांडलो की तो म्हणाला, "पैदल जा, साहेब." हुडकेश्वरपर्यंत चालत आलो.