अण्णांची बिनब्रेकची गाडी

आमच्या अंगणात झालेल्या रेल्वे अपघातात जीवितहानी झाली नाही, फक्त बासुंदी गेली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वसमतजवळच्या एका फाटकावर गेटमन होते. तेव्हा आमच्याकडे मीटरगेजची छोटी गाडी होती. गाडी आली की फाटक लावायचं, हिरवी झेंडी दाखवायची, गाडी गेली की फाटक उघडायचं. जन्मभर हेच. खोळंबलेल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच (गाडीला उशीर झाला की बोलणी अण्णांना, जणू इंजिन तेच दडवून बसलेत!). निवृत्ती जवळ आली तेव्हा जेवता जेवता एकदा म्हणाले, "इतक्या गाड्या सोडल्या, पर एक बी आपल्या हातानं चालवली न्हाई."

झालं! मी इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय झालेला, गावात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. निरोपाच्या जेवणाला अण्णा सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं गाडी चालवणार, तीही बिनतारी, असं मी ठरवून टाकलं.

रेडिओवर चालणारी तयार आगगाडी शहरात मिळायची, पण तिची किंमत ऐकून मी दुकानदाराला नमस्कार करून परत आलो. मग स्वस्तातला मार्ग. औंढ्याच्या जत्रेतून रिमोटची मोटार आणली आणि तिच्या पोटातलं सर्किट काढलं. इंजिनाला मेलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर. रूळ तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे. चाकं म्हणून बायकोच्या शिलाई मशीनच्या बॉबिनी (त्या महिन्यात आमच्या गल्लीत एकही ब्लाऊज वेळेवर गेला नाही). एरियलला सायकलचा आरा.

आता त्या जत्रेतल्या मोटारीची एक खोड सांगायला हवी. तिच्या रिमोटला एकच बटण होतं. मोटार चालू केली की आपोआप पुढे पळायची, बटण दाबलं की मागे यायची. बस्स! थांबायची सोय बनवणाऱ्यानं ठेवलीच नव्हती. त्या भावात तेवढंच.

माय कांदा चिरत बघत होती. "काहून रे, ही थांबती कशी?"

"माय, गाडी चालवायला बनवून राहिलो. थांबवायला न्हाई."

"मंग मान्सानं उतरायचं कसं?"

"त्यात मान्सं बसायचीच न्हाईत!"

"बरं बाई," म्हणून ती कांद्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचं होतं असं मी धरून चाललो.

निरोपाच्या दिवशी अंगणात पंगत बसली. अण्णांचे सोबती, गँगमन मंडळी आणि मधोमध पाटावर त्यांचे साहेब. पंगतीसमोर विटांवर फळ्या टाकून मी रूळ मांडले होते. पहिल्या डब्यात मीठ, दुसऱ्यात लिंबाच्या फोडी. गाडी समोरून जाईल, ज्याला हवं त्यानं घ्यावं, अशी राजेशाही व्यवस्था! अण्णा इस्त्रीचा सदरा घालून पुढे आले आणि त्यांनी हात पसरला. "आण इकडं."

"थांबा अण्णा, आधी मी एक फेरी मारून दाखवतो. मंग तुमी."

अण्णांनी हात मागे घेतला.

गाडी सुटली. टाळ्या पडल्या! पहिल्या गँगमननं मिठाला हात घातला, तोवर मीठ दुसऱ्यासमोर. दुसऱ्यानं घातला, तोवर तिसऱ्यासमोर. "अरे, मीठ पळून राहिलं!" मी बटण दाबलं, गाडी उलटी फिरली आणि लिंबाकडे निघालेली साहेबांची बोटं थेट मिठात गेली. बटण सोडलं, पुन्हा पुढे. सगळी पंगत एकदा उजवीकडे वाकायची, एकदा डावीकडे. घामानं माझा हात ओला झालेला. शेवटी बटण आत गेलं ते वर येईचना!

गाडी आता मागे निघाली ती निघालीच. रुळाच्या त्या टोकाला परातीत बासुंदी निवायला ठेवलेली.

"अण्णा, लाल झेंडी! लाल झेंडी!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं.

आणि अण्णा खरोखर धावले! खुंटीवरची लाल झेंडी काढून, फळीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, छाती काढून उभे राहिले. गाडी त्यांच्या दोन पायांमधून गेली आणि डब्यांसकट परातीत उतरली.

साहेब गंभीरपणे म्हणाले, "सिग्नल तोड दिया!"

गँगमन मंडळींनी अण्णांच्या प्रेमापोटी ती खारट-आंबट बासुंदी गोड मानून खाल्ली. साहेबांनी ताक मागितलं. मी गाडी बाहेर काढली, अडकलेलं बटण नखानं वर काढलं, गाडीचे सेल काढून खिशात घातले आणि मंडपवाल्याची भांडी परत करायच्या निमित्तानं पळालो.

दुपारी परत आलो तर अण्णा ओसरीवर बसलेले. हातात रिमोट, समोर चिकट झालेली गाडी. अण्णा बटण दाबायचे, की माय उलथन्यानं गाडी मागे ढकलायची. बटण सोडलं, की पुढे.

"शिट्टी मारा की," माय म्हणाली.

अण्णांनी तोंडानं लांब शिट्टी मारली. "वसमत आलं. थांबव."

मायनं थांबवली. दोघं लहान लेकरांसारखी हसत होती. अण्णांना तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

आणि मी म्हणालो, "अण्णा, त्यातले सेल काढलेत. रिमोटनं चालून न्हाई राहिली ती." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी खाली बसून सर्किटसुद्धा समजावलं!

"व्हय का," म्हणून अण्णांनी रिमोट फळीवर ठेवला. माय उलथनं घेऊन चुलीकडे गेली.

पुढे मी थांबायचं बटण बसवलं, नवे सेल टाकले, रिमोट त्यांच्या हातात दिला. "झ्याक केलंस," म्हणून त्यांनी तो न दाबताच परत दिला. आता अण्णा नाहीत. फार वाईट वाटतं. त्या दुपारी दारातच मुकाट उभा राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

स्वस्तातला रिमोट बनवायचा म्हणून मी जत्रा पालथी घातली, भंगार उपसलं, बायकोचं मशीन बंद पाडलं. बिनसेलचा, बिनएरियलचा, सांगेल तिथे थांबणारा रिमोट मायनं एका उलथन्यात बनवला होता. आणि दुरुस्तीचं दुकान असलेल्या माणसानं तो एका वाक्यात कायमचा बिघडवला!