सावड फेडायची कशासाठी

मॅडमनी फळ्याच्या डाव्या टोकाला ‘आहे’ लिहिलं, उजव्या टोकाला ‘पाहिजे’ लिहिलं आणि खडू ठेवून दिला. म्हणाल्या, “जगात जे जे आहे ते सगळं इकडे मांडा. त्यातून माणसानं कसं वागलं पाहिजे हे आपोआप निघतं का? निघत नसेल तर ते येतं कुठून?”

विद्यापीठातला माझा पहिलाच आठवडा होता. एम.ए.चा पहिला पेपर, नीतिशास्त्राचा पाया. मी त्या दोन शब्दांमधल्या रिकाम्या फळ्याकडे बघतच राहिले. अंगावर काटा आला, अगदी खराखुरा. ज्या ‘पाहिजे’वर आमचं अख्खं मांडवगण गाव चालतं, त्याच्या खाली काही आहे की नाही हे तपासायचा एक विषय असतो, आणि तो शिकवण्याचा लोकांना पगारही मिळतो, हे मला शिरूरला बी.ए. करेपर्यंत कुणी धडपणे सांगितलं नव्हतं! लहानपणापासून मी “का?” विचारलं की “हिचं तोंड लई चालतंय” एवढंच उत्तर मिळायचं. इथं ‘का’ हाच अभ्यासक्रम होता. मला तर घबाड सापडल्यासारखं झालं.

दर शनिवारी मी पुण्याहून दौंडची गाडी धरायचे आणि पुढे वडापच्या जीपनं घरी. पुस्तक मांडीवर असायचंच. ज्यानं जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं ते बरोबर, असं परिणामवादी म्हणतात, हे मला लोणी येईपर्यंत ठार पटलेलं असायचं. परिणाम काहीही होवो, कर्तव्य म्हणजे कर्तव्य, हे उरुळीच्या पुढे पटायचं. केडगावला दोघांचाही राग यायचा. शेजारी बसलेल्या बाया माझ्याकडे बघायच्या, कारण मी पुस्तकाला मोठ्यानं “असं कसं?” म्हणायचे.

पण वर्गात मात्र माझी दातखीळ बसायची. बाकीची मुलं घडाघडा बोलायची, अर्धं इंग्रजीत. माझ्या ओठावर ‘हाय’ आणि ‘न्हाई’ तयारच असायचं, ते गिळता गिळता मुद्दाच पोटात जायचा. सबंध सत्रात मी हजेरीपलीकडे एक शब्द बोलले नाही. शेवटी मॅडमनी सांगितलं की सोमवारी माझा सेमिनार, विषय ‘कर्तव्य कुठून येतं’, आणि न बोलता हा पेपर सुटणार नाही. इकडे दादानं रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसमधलं काम बघून ठेवलं होतं. “बोलाया येत न्हाई तर तिथं बसून करतीस काय?” तो म्हणाला. वाईट बोलला नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं. मी मनाशी ठरवलं, सोमवारी तोंड उघडलं नाही तर गुमान कंपनीत जायचं.

रविवारी आमच्या रानात कांद्याची लागण होती. हल्ली सगळीकडे टोळ्या पैसे ठरवून उक्तं काम घेतात, पण आमच्या वस्तीवरच्या बाया अजून सावड करतात. आज तुम्ही आमच्या वाफ्यात, उद्या आम्ही तुमच्या. आई होती, पलीकडच्या वस्तीवरच्या मामी होत्या आणि शेजारच्या काकू होत्या. मी चिखलात उभी राहून टिपणं पुटपुटत होते.

“आधी पात धर, मग बोल,” आई म्हणाली.

मी माझ्या वाट्याच्या ओळीची पात धरली, वाकले आणि विचारलं, “मामी, सावड फेडायची कशासाठी?”

“हे काय इच्यारणं झालं? मी आज आले तर उद्या माझ्या वावरात हात लागत्यात. काम सरतं.”

“परिणामवाद!” मी ओरडले.

“शिवी हाय का काय गं?” मामींनी आईला विचारलं.

“तसं न्हाई,” आई म्हणाली. “एकदा येते म्हणलं म्हंजी जायाचं. काम सरू न्हाईतर न सरू.”

“कर्तव्यवाद!” मी रोपाची जुडी हवेत उडवली. आख्खं पुस्तक आमच्या वाफ्यात उतरलं होतं! आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की काकूंच्या रानात यंदा कांदाच नाही. त्यांचे मालक वारले तेव्हापासून जमीन वाट्यानं दिलेली, यंदा तिथं ऊस उभा. म्हणजे त्यांची सावड फेडायला आम्हाला जागाच नव्हती.

“काकू, मग तुम्ही कशापायी आलाय?”

काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही. “आले म्हंजी आले. तू बोल की फुडं.”

“एकलीला घर खायाला उठतंय, म्हणून आली,” मामी म्हणाल्या. मी हा आक्षेप म्हणून नोंदवून घेतला आणि फेटाळूनही लावला. मला काकूंचं येणं फार मोठं वाटत होतं. फायदा नाही, परतफेड नाही, कुणाला शब्द दिलेला नाही, तरी बाई कंबरेत वाकून कांदा लावते आहे. दोन्ही वाद एका बाईनं आडवे केले होते! मी दिवसभर बोलत सुटले. मामी हटकून उलटं बोलायच्या, आई “रोपं दाट लावू नकोस” म्हणायची आणि काकू “मग? फुडं?” एवढंच विचारायच्या. दिवस कलला तेव्हा कळलं की मी कुठंही अडखळले नव्हते.

सोमवारी मात्र वर्गासमोर पहिली दोन वाक्यं पुस्तकी मराठीत बोलले आणि पुढचं वाक्य हातातल्या कागदात शोधायला लागले. नखांत कालचा चिखल दिसला. मी कागद टेबलावर ठेवला.

“काल आम्ही कांदा लावला,” मी म्हणाले, आणि मग जी सुटले ती सुटलेच. बोलण्यात मामी आल्या, आई आली, ‘हाय’ आणि ‘न्हाई’ आले. मागं कुणीतरी हसलं, हसू दे. एका मुलानं विचारलं, “त्या काकू चांगल्या आहेत एवढंच ना? यात कर्तव्य कुठे आलं?”

“चांगल्या म्हणून सोडून दिलं की प्रश्न मिटतो,” मी म्हणाले. “मला मिटवायचाच न्हाई तो!”

वेळ संपली तरी मॅडमनी कुणाला उठू दिलं नाही; फळ्याच्या दोन टोकांना त्यांनी पुन्हा ‘आहे’ आणि ‘पाहिजे’ लिहिलं. मग मी मोठ्या दिमाखात फळ्याच्या मधल्या रिकाम्या जागेत लिहिलं, ‘काहीही परत न मागता’. सगळी तिथंच भांडायला लागली आणि मी त्या भांडणाच्या मधोमध उभी होते. इतका आनंद मला आजवर कशानं झाला नव्हता. दादाला तिथूनच कळवून टाकलं की मी कंपनीत येत नाही.

बाहेर येऊन घरी फोन लावला. “आई, मी बोलले! सगळं बोलले!” आई काही म्हणायच्या आत तिच्याजवळ बसलेल्या काकूंनी फोन घेतला.

“झालं न्हवं तुझं? मग माझी सावड कवा फेडतीस?”

“कसली सावड, काकू? तुमच्या रानात तर ऊस हाय.”

“रानाचं कुठं काढलं? दिसभर तुझं ऐकलंया मी. आता एक दिस तू माझं ऐकायचं. मालक गेल्यापासनं कुणी बसून ऐकलंच न्हाई गं.”

माझं वाक्य आत फळ्यावर तसंच होतं. मी परत गेले, ते पुसलं आणि मधली जागा मोकळी ठेवली. त्या शनिवारी दौंडला उतरले, जीप धरली आणि पिशवी घेऊन आधी काकूंच्या दारात गेले. त्यांनी बसायला पोतं अंथरूनच ठेवलं होतं.